महाविद्यालयाला देणगी आणि शासनाचा हिस्सा: पावतीपासून उपयोगिता प्रमाणपत्रापर्यंत

माजी विद्यार्थ्यांचा मेळावा असो की संस्थेच्या सभेत निघालेला नव्या प्रयोगशाळेचा विषय, देणगीची गोष्ट आली की एक प्रश्न हमखास येतो: आम्ही देऊ तेवढेच सरकारही घालणार ना? उत्तर आधीच देऊन टाकतो. दात्याने एक रुपया दिला की शासन आपोआप दुसरा रुपया घालते, असा सरसकट नियम महाराष्ट्रात महाविद्यालयांसाठी नाही. देणगीला शासनाचा पैसा जोडला जातो तो मुख्यतः दोन वाटांनी. पहिली वाट केंद्र आणि राज्य मिळून चालवतात त्या योजनांतल्या ‘राज्य हिश्श्या’ची. दुसरी वाट दात्याला मिळणाऱ्या आयकर सवलतीची, कारण दात्याचा जितका कर वाचतो तितकी झळ शासन सोसते. मराठवाड्यातल्या बहुतेक संस्था पहिल्या वाटेच्या आशेवर बसतात आणि दुसरी, जी आज हातात आहे, ती कागदाच्या चुकीने घालवतात.

राज्य हिश्श्यात देणगी बसते ती अशी

राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान, म्हणजे रुसा, २०१३ मध्ये सुरू झाले. जून २०२३ पासून त्याचेच नवे रूप पीएम-उषा. महाराष्ट्रासारख्या राज्यात मंजूर रकमेचे ६० टक्के केंद्राचे आणि ४० टक्के राज्याचे. देणगीचा मुद्दा येतो तो या ४० टक्क्यांत. रुसाच्या आराखड्यात राज्यांना अशी मोकळीक दिली होती की देणग्या आणि खाजगी सहभागातून पैसा उभा करावा, पण तो राज्य हिश्श्याच्या ५० टक्क्यांपुढे जाऊ नये.

आकडे मांडून बघा. रुसात महाविद्यालयाच्या पायाभूत सुविधांसाठी २ कोटी मंजूर झाले, तर केंद्राचे १ कोटी २० लाख आणि राज्याचे ८० लाख. या ८० लाखांपैकी जास्तीत जास्त ४० लाख देणगीतून येऊ शकतात. इथे दोन गोष्टी नीट समजून घ्या. देणगी आली म्हणून एकूण रक्कम २ कोटी ४० लाख होत नाही. २ कोटींतलाच राज्याचा काही भार दाता उचलतो. आणि ही मोकळीक राज्याला दिलेली आहे, महाविद्यालयाला नाही. देणगी राज्य हिश्श्यात धरायची की नाही हे राज्य प्रकल्प संचालनालय लेखी कळवील तेव्हाच ती धरायची. त्या पत्राआधी ‘तुमच्या ४० लाखांवर सरकार १ कोटी ६० लाख देणार’ असे मेळाव्यात सांगू नका. पत्र आले नाही तर दाता संस्थेला विचारणार, आणि त्याचा तो हक्कच आहे.

दुसरी अडचण खर्चाच्या विभागणीची. रुसातल्या या २ कोटींची वाटणी ३५:३५:३० अशी ठरलेली होती: ७० लाख नव्या बांधकामाला, ७० लाख जुन्या इमारतीच्या दुरुस्ती-नूतनीकरणाला, ६० लाख साहित्याला. दात्याला मात्र बहुतेक वेळा आईवडिलांच्या नावाची नवी इमारत हवी असते. बांधकामाचा रकाना ७० लाखांवर भरला की त्यापुढचा प्रत्येक रुपया योजनेबाहेरचा. म्हणून दात्याशी बोलण्याआधी मंजुरीपत्रातले रकाने समोर ठेवा. इमारतीसाठीच द्यायचे असेल तर ती देणगी योजनेबाहेर, स्वतंत्र इमारत निधीत घेतलेली बरी.

पीएम-उषात महाविद्यालय बळकटीकरणासाठी कमाल ५ कोटींची तरतूद ठेवली, म्हणजे ६०:४० प्रमाणे ३ कोटी आणि २ कोटी. ही योजना २०२५-२६ पर्यंतच्या कालावधीसाठी मंजूर झाली होती. पुढच्या टप्प्यासाठी अर्ज करताना रुसाच्या जुन्या पत्रातली अट तशीच उतरवू नका, त्या वर्षीची मार्गदर्शक सूचना हातात घ्या. विनाअनुदानित महाविद्यालयांनी रुसाच्या पैशाची वाट बघू नये. तो शासकीय आणि अनुदानित महाविद्यालयांसाठी होता. यूजीसी कायद्याच्या १२(बी) खाली नाव असणे यूजीसीच्या अनुदानाला लागते. रुसात १२(बी) नसलेल्या महाविद्यालयांनाही दार उघडे ठेवले होते. आपल्याकडे तालुक्याच्या गावातली कितीतरी महाविद्यालये ‘१२(बी) नाही म्हणजे काहीच नाही’ असे धरून अर्जच करत नाहीत.

देणगी मागण्याआधी संस्थेचे कागद

कपाटातून तीन कागद काढा: १२एबी नोंदणी (संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाच्या आयकर सवलतीची), ८०जी मान्यता (दात्याला वजावट मिळवून देणारी), पॅन कार्ड. तिन्हींवर संस्थेचे नाव अक्षर न् अक्षर सारखे आहे का पाहा. ‘शिक्षण प्रसारक मंडळ’ एका कागदावर आणि ‘शिक्षण प्रसारक मंडळ, अमुक गाव’ दुसऱ्यावर, एवढ्यानेही कंपनीकडून येणारी रक्कम अडते.

मग मुदती. नव्या पद्धतीने पाच वर्षांची नोंदणी ज्यांनी पहिल्याच फेरीत घेतली, त्यांची मुदत ३१ मार्च २०२६ ला संपणारी, आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या किमान सहा महिने आधी, म्हणजे ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत करायचा होता. तात्पुरती नोंदणी तीन वर्षांचीच असते. ती कायम झाली असे समजून गाफील राहणाऱ्या संस्था कमी नाहीत. १२एबी आणि ८०जीच्या मुदती वेगवेगळ्या असू शकतात. एक नूतन केले म्हणजे दुसरे झाले असे होत नाही, अर्जही वेगळे.

अनुदानित महाविद्यालयांत एक गैरसमज खोलवर रुजलेला आहे. ज्या शैक्षणिक संस्थेच्या एकूण जमेत निम्म्याहून जास्त पैसा शासनाचा, तिचे उत्पन्न आयकर कायदा १९६१ च्या कलम १०(२३सी)(३एबी) खाली करमुक्त असते. कार्यालयात म्हणतात, ‘आम्हाला कर लागत नाही, मग ८०जी कशाला?’ ही सूट महाविद्यालयाच्या उत्पन्नाची झाली. दात्याला वजावट हवी तर ८०जी मान्यता वेगळी लागते. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

माजी विद्यार्थी संघटनेचेही तसेच. नॅकच्या मूल्यांकनात नोंदणीकृत संघटना आणि तिचे योगदान विचारले जाते, म्हणून ती नोंदवलेली असते, खाते उघडलेले असते आणि क्यूआर कोड मेळाव्याच्या फलकावर लावलेला असतो. त्या संघटनेला स्वतःची ८०जी मान्यता नसेल तर दात्याला वजावट शून्य, मग महाविद्यालयाकडे ती असली तरीही. देणगीचा क्यूआर कोड ज्या पॅनवर ८०जी आहे त्याच पॅनच्या खात्याचा ठेवा. संघटनेने आधी घेऊन मग संस्थेला द्यायचे असा वळसा घालू नका. आयकर सवलत घेणाऱ्या एका न्यासाने दुसऱ्याला दिलेल्या देणगीतले ८५ टक्केच देणाऱ्याचा खर्च म्हणून धरले जातात.

पैसा घेताना

रोख देणगी २,००० रुपयांपर्यंतच वजावटीला चालते. २,००० च्या वर रोख घेता येते, पण दात्याला वजावट मिळत नाही, आणि हे पावती फाडण्याआधी सांगणे आपले काम आहे. एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी, २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर कलम २६९एसटी मोडते आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो. मोंढ्यात रोखीचा व्यवहार अजून चालतो, त्यामुळे ही चूक आपल्याकडे अगदी सहज होते. दाता म्हणाला, ‘साहेब, पैसे आत्ताच घेऊन जा’, तरी बँकेतून पाठवा म्हणायचे.

आता पावती. छापील पावती पुस्तकात बहुधा ‘श्री. ________ यांजकडून देणगी रु. ________’ एवढेच असते. ती पावती मे महिन्यात आयकराचे विवरण भरताना कामाला येत नाही. पावतीवर हे हवेच: दात्याचे पॅनवरचे पूर्ण नाव, पॅन किंवा आधार क्रमांक, पूर्ण पत्ता, रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत, पैसे कसे आले (यूपीआय असेल तर व्यवहार क्रमांक, धनादेश असेल तर क्रमांक, बँक, तारीख), देणगीचा प्रकार, संस्थेचा पॅन आणि ८०जी मान्यतेचा क्रमांक व तारीख. प्रकाराच्या जागी तीन चौकोन छापून घ्या: स्थायी निधी, विशिष्ट कारणासाठी, सर्वसाधारण. आणि कोपऱ्यात पावती क्रमांक वर्षासकट. जुनी पुस्तके संपेपर्यंत रबरी शिक्का करून घेतला तरी भागते.

स्थायी निधीच्या देणगीसाठी दात्याचे पत्र त्याच दिवशी घ्या. तीन ओळी पुरतात: ‘मी दिनांक अमुक रोजी दिलेली रक्कम रुपये ______ संस्थेच्या स्थायी निधीत ठेवावी. या रकमेचे केवळ व्याज बी.एस्सी. प्रथम वर्षातील गुणवंत विद्यार्थ्यास पारितोषिक देण्यासाठी वापरावे.’ खाली सही आणि तारीख. असे पत्र नसेल तर लेखापरीक्षक ती रक्कम साध्या उत्पन्नात घालतो आणि वर्षात ८५ टक्के खर्च दाखवायच्या नियमात ती अडकते. २०२१-२२ पासून एक अट वाढली: स्थायी निधीची रक्कम कायद्याने सांगितलेल्या ठेवींत, त्याच निधीच्या नावाने वेगळी गुंतवलेली दिसली पाहिजे. बचत खात्यात मिसळून ठेवलेला ‘कॉर्पस’ (स्थायी निधी) ग्राह्य धरला जात नाही.

पारितोषिकाचे गणितही दात्यासमोर मांडा. १ लाखाच्या ठेवीवर साडेसहा टक्के व्याज धरले तर वर्षाला ६,५०० रुपये. त्यात दरवर्षी १०,००० चे पारितोषिक देण्याचे आश्वासन बसत नाही. पाटीवर नाव कोरल्यावर पारितोषिक बंद पडले तर त्या घराला ते लागते आणि ते रास्तच आहे. म्हणून रक्कम नव्हे, ‘जमा व्याजाइतके’ असे पत्रात लिहा.

वस्तूरूप देणगीला, म्हणजे पुस्तके, संगणक, जमीन यांना, ८०जी वजावट नाही, वजावट पैशालाच. कुणाला ग्रंथालयाला पुस्तके द्यायची असतील आणि वजावटही हवी असेल तर पैसे घ्या आणि पुस्तके संस्थेने विकत घ्या. नाव-पत्त्याची नोंद नसलेली देणगी (पेटीतली, गुप्त दानाची) वेगळी मोजा. एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यांतले जे जास्त असेल त्याच्या पुढच्या निनावी रकमेवर संस्थेला सरळ ३० टक्के कर बसतो.

आणि एक गोष्ट कुठलीही सूट न देता: प्रवेशाच्या दिवसांत त्या विद्यार्थ्याच्या घरच्यांकडून देणगी घेऊ नका. प्रवेशापोटी पैसे घेण्याला महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. स्वखुशीने दिलेली देणगी आणि प्रवेशाची यादी यांच्या तारखा शेजारी शेजारी आल्या तर स्वखुशी सिद्ध करणे फार अवघड जाते.

३१ मे: दात्याची वजावट इथे ठरते

आर्थिक वर्षात आलेल्या प्रत्येक देणगीचे विवरण १०बीडी नमुन्यात पुढच्या ३१ मेपर्यंत आयकर पोर्टलवर चढवायचे आणि त्यावरून निघालेले १०बीई प्रमाणपत्र त्याच तारखेपर्यंत दात्याला द्यायचे. दात्याच्या विवरणपत्रातली वजावट या नोंदीशी पडताळली जाते. पावती कितीही देखणी असली तरी १०बीडीत नाव नसेल तर वजावट नाही. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क, आणि विवरण भरलेच नाही तर १०,००० पासून १ लाखापर्यंत दंड.

मे महिन्यात पहिल्यांदा पॅन शोधायला बसलात की काम फसते. एप्रिलचा पहिला आठवडा मिळवणीला ठेवा: बँक पासबुक, पावती पुस्तकाची स्थळप्रत आणि किर्द तिन्ही जुळवा. ३१ मार्चचा धनादेश एप्रिलात वटतो. तो कोणत्या वर्षात धरायचा हे लेखापरीक्षकाला विचारून दात्यालाही तसे कळवा, नाहीतर तो एका वर्षात वजावट मागतो आणि आपण दुसऱ्या वर्षात नोंद करतो. पॅनमधले एक अक्षर चुकले तर दुरुस्त विवरण भरता येते, पण दात्याने तक्रार केल्यावरच ते लक्षात येते. म्हणून १०बीई पाठवताना ‘नाव आणि पॅन तपासून कळवा’ अशी ओळ जोडा.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. या लेखातले क्रमांक १९६१ च्या कायद्याचे, म्हणजे ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या देणग्यांना लागणारे. त्यानंतरच्या देणग्यांसाठी पोर्टलवर त्या वर्षाचा जो नमुना असेल तो भरा आणि पावतीवरचा कलम क्रमांक सनदी लेखापालाकडून बदलून घ्या.

कोणाला किती फायदा: दात्याला खरे सांगा

‘५० टक्के सूट’ या दोन शब्दांनी जेवढी नाराजी झाली तेवढी दुसऱ्या कशाने झाली नसेल. सूट करात नसते, उत्पन्नातून वजावट असते. त्यालाही एकूण उत्पन्नाच्या साधारण १० टक्क्यांची मर्यादा. ज्याचे हिशेबात धरायचे उत्पन्न ८ लाख, त्याने १ लाख दिले तर ८०,००० च मर्यादेत बसतात आणि वजावट मिळते त्याच्या निम्मी, ४०,००० रुपये.

नव्या करप्रणालीत गेलेल्या नोकरदाराला ८०जी मिळतच नाही, आणि २०२३-२४ पासून तीच प्रणाली आपोआप लागू होते. प्राध्यापक, शिक्षक, बँकेतले माजी विद्यार्थी यांतले बरेच जण तिथेच आहेत. त्यांना वजावटीचे आमिष दाखवू नका, कामाचे महत्त्व सांगा. ज्याचे उत्पन्न फक्त शेतीचे, त्याला आयकरच नाही, म्हणून वजावटीचाही प्रश्न नाही. सोयाबीन, कापूस, तुरीचे पैसे आल्यावर पाच-दहा हजार देणारा शेतकरी सवलतीसाठी देत नाही. त्याच्याकडे पॅन नसेल तर १०बीडीत आधार क्रमांक चालतो. त्याचे नाव गाळू नका. त्याची पावती आणि १०बीई बाकीच्यांसारखेच घरपोच गेले पाहिजे.

खरा फायदा कुठे आहे हे फार कमी संस्था ओळखतात: भागीदारी पेढीत. नवी करप्रणाली व्यक्तींसाठी आणि एकत्र कुटुंबांसाठी आहे, भागीदारी पेढीला नाही. लातूर, जालना, नांदेडच्या मोंढ्यात आडत दुकाने पुष्कळदा भागीदारीत असतात. समजा पेढीचे करपात्र उत्पन्न १२ लाख. तिने १ लाख दिले तर मर्यादा १ लाख २० हजार, म्हणजे पूर्ण रक्कम आत, वजावट ५०,०००, ३० टक्के कर आणि ४ टक्के उपकर धरला तर वाचतात १५,६०० रुपये. महाविद्यालयाला १ लाख मिळाले, पेढीच्या खिशातून ८४,४०० गेले, बाकीचा भार शासनाने उचलला. भागीदाराने स्वतःच्या नावाने दिले असते आणि तो नव्या प्रणालीत असता तर हे १५,६०० मिळाले नसते. म्हणून धनादेश कोणाच्या खात्याचा, हे आधी विचारा. पैसे पेढीच्या खात्यातून आणि पावती शेठजींच्या नावाने, असे झाले तर दोघांनाही काही मिळत नाही.

कंपनीचा सीएसआर

ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा यांहून जास्त, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, हाच सीएसआर. शिक्षण त्यात बसते. वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कारखान्यांकडे आणि जालन्याच्या स्टील उद्योगाकडे अर्ज करण्याआधी संस्थेने सीएसआर-१ नमुना भरून नोंदणी क्रमांक घ्यायला हवा. त्यासाठी १२ए (आता १२एबी) आणि ८०जी दोन्ही लागतात, आणि कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो.

हा पैसा स्थायी निधीत घालता येत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्ये ते स्पष्ट केले आहे. दुसरे, शासकीय योजनेतली तूट भरण्याचे साधन म्हणून सीएसआरकडे बघू नये, अशीही मंत्रालयाची भूमिका आहे. त्यामुळे वर सांगितलेल्या राज्य हिश्श्यात सीएसआरची रक्कम धरू नका. कंपनीला वेगळा, पूर्ण, मोजता येईल असा प्रकल्प द्या: अमुक खोलीतल्या ३० संगणकांची प्रयोगशाळा, अमुक महिन्यांत, अमुक रुपयांत. अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत नेऊ नका. मार्चअखेर उरलेला पैसा घाईने मिळतो आणि त्याच घाईने खर्चाचा दाखलाही मागितला जातो. एप्रिल ते जूनमध्ये कंपनीचा वर्षाचा आराखडा ठरतो, तेव्हा भेटा.

परदेशातले माजी विद्यार्थी

इथे एकच प्रश्न महत्त्वाचा: पासपोर्ट कोणता? भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी भारतीय ‘परकीय स्रोत’ नाही. त्याची देणगी नेहमीच्या खात्यात घेता येते, पासपोर्टची प्रत जोडून ठेवा. ज्याने अमेरिकेचे किंवा दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारे) असले तरी तो परकीय स्रोत. त्याचा पैसा एफसीआरए (परकीय देणगी नियमन कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेणे गुन्हा आहे, मग रक्कम ५,००० असो वा त्याने ती इथल्या भावाच्या खात्यातून पाठवलेली असो. नोंदणीनंतरही पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावा लागतो. तो दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, आणि एफसी-४ हे वार्षिक विवरण ३१ डिसेंबरपर्यंत भरावे लागते. एक-दोन दात्यांसाठी एवढा खटाटोप परवडतो का, याचा विचार आधी करा.

जमीन दान येते तेव्हा

मराठवाड्यात जमिनीचे दान म्हणजे सर्वांत मोठे दान, आणि सर्वांत जास्त भांडणेही त्यातूनच. हा भाग घाईने उरकू नका.

आपल्या आठही जिल्ह्यांत शेतजमिनीला हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९५० लागतो. पश्चिम महाराष्ट्रातला दस्त बघून त्यातले ‘कलम ६३’ आपल्या अर्जात उतरवू नका. बिगर शेतकऱ्याला शेतजमीन देण्यावरचे निर्बंध आपल्याकडे कलम ४७ मध्ये आहेत. शिक्षण संस्था शेतकरी नसते, म्हणून जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी दस्ताच्या आधी.

सातबारा हातात घेतला की पहिल्यांदा भूधारणा पद्धती वाचा. ‘भोगवटादार वर्ग २’ असेल तर परवानगीशिवाय हस्तांतर नाही. मग इतर हक्काचा रकाना. तिथे कूळ, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कालव्याचे संपादन असे काही आहे का? त्यानंतर मागे जा: जुने फेरफार, खासरा पाहणी पत्रक, जमल्यास सेतवार, असे जुने महसूल कागद बघा. निजामाच्या काळातली इनामे आजच्या सातबाऱ्यावर नेहमी उघड दिसत नाहीत. मदतमाश, खिदमतमाश, देवस्थान, वक्फ यांपैकी एक शब्द जरी जुन्या कागदात सापडला तरी तिथेच थांबा आणि महसूल कायदा जाणणाऱ्या वकिलाचे लेखी मत घ्या. गावाला वर्षानुवर्षे ‘पाटलांचीच जमीन’ म्हणून माहीत असलेला तुकडा कागदावर देवाच्या सेवेचा निघतो, आणि मग इमारत उभी राहिल्यावर मंजुऱ्या अडतात.

जमीन वडिलोपार्जित असेल तर एकट्या दात्याच्या सहीवर भागत नाही. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा जन्मतः हक्क मुलांइतकाच आहे, आणि एकत्र कुटुंबातला अविभक्त हिस्सा एकट्याने बक्षीस देता येत नाही. आधी वाटणी, किंवा सर्व हक्कदारांची नोंदणीकृत संमती. सासरी नांदणाऱ्या बहिणींसकट. सत्कार समारंभात घोषणा होते तेव्हा बहिणी व्यासपीठावर नसतात, पण दिवाणी न्यायालयात त्या येऊ शकतात आणि त्यांची बाजू खरीच असते.

दस्त म्हणजे नोंदणीकृत बक्षीसपत्र: दात्याची सही, किमान दोन साक्षीदार, आणि संस्थेने दात्याच्या हयातीत केलेला स्वीकार. स्वीकारासाठी विश्वस्त मंडळाचा ठराव आधी करून ठेवा. जवळच्या नात्यातल्या बक्षीसपत्राला फक्त २०० रुपये मुद्रांक शुल्क लागते, ती सवलत संस्थेला लागू नाही. मुद्रांक शुल्काची रक्कम कोण भरणार हे आधी ठरवा. दस्त झाला की फेरफार, आणि ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. बदल अर्ज राहिला तर धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या मालमत्तेच्या नोंदीत (परिशिष्टावर) जमीन चढत नाही आणि पुढे बँक, विद्यापीठ, योजना सगळीकडे ‘जागा संस्थेच्या नावे आहे का’ या प्रश्नावर गाडी अडते. एकदा जमीन न्यासाची झाली की ती विकायला, गहाण ठेवायला, किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा आणि शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त काळ भाड्याने द्यायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. दात्यालाही हे सांगा. ‘उद्या विकून टाकतील’ ही त्याच्या मनातली भीती त्याने बरीच कमी होते.

खर्च आणि उपयोगिता प्रमाणपत्र

शासनाचा पैसा आणि देणगीचा पैसा एकाच कामाला लागला की खाती वेगळी, खतावणी वेगळी, व्हाउचरच्या फायली वेगळ्या. केंद्राच्या योजनांचा पैसा आता पीएफएमएस या केंद्राच्या ऑनलाइन निधी प्रणालीवरून खर्च होतो, त्यामुळे शासनाची बाजू आपोआप वेगळी राहते. गोंधळ होतो तो देणगीच्या बाजूला. एकच बिल दोन्हीकडे दाखवणे ही सगळ्यांत महाग पडणारी चूक: बारा सूक्ष्मदर्शकांचे बिल योजनेच्या उपयोगिता प्रमाणपत्रात (अनुदान कशावर खर्च झाले याच्या दाखल्यात) पूर्ण दाखवले आणि तेच कंपनीच्या अहवालातही पूर्ण गेले. दोन्हीकडून भागवायचे असेल तर खरेदीच्या वेळीच दोन बिले करून घ्या, सात नग एका निधीतून, पाच दुसऱ्यातून. एका बिलाची मागाहून फोड केलेली लेखापरीक्षक मान्य करत नाहीत.

प्रत्येक नगावर पक्क्या रंगाने लिहा, कागदी चिकटपट्टी उन्हाळ्यात निघून येते. उदाहरणार्थ: ‘प्राणिशास्त्र / सूक्ष्मदर्शक ०७ / देणगी / साठा नोंदवही पान ४२’. शासनाच्या निधीतल्या नगावर ‘देणगी’च्या जागी योजनेचे नाव आणि मंजुरीचे वर्ष. तपासणीला आलेला अधिकारी वही उघडून पान ४२ काढतो, मग टेबलावरचा ०७ क्रमांकाचा नग बघतो. दोन्ही जुळले की पुढचे प्रश्न कमी होतात. अनुदानातून घेतलेली मालमत्ता मंजुरी देणाऱ्या कार्यालयाला विचारल्याशिवाय विकता किंवा निर्लेखित करता येत नाही, देणगीतली संस्थेच्या ठरावाने करता येते. हा फरक दहा वर्षांनी भंगार काढताना कामाला येतो.

केंद्राच्या अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ च्या १२-ए नमुन्यात, आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत. त्यात व्याजाचा रकाना रिकामा सोडू नका: अनुदानावर बँकेत जमा झालेले व्याज महाविद्यालयाचे नसते, ते शासनाला परत भरायचे असते. देणगीवरचे व्याज मात्र संस्थेचे, दात्याच्या पत्राप्रमाणे वापरायचे. पहिल्या हप्त्याचे प्रमाणपत्र अडले की पुढचा हप्ता अडतो, आणि अर्धवट भिंतींवर एक पावसाळा गेला की कंत्राटदार जुन्या दराने काम करायला तयार नसतो. म्हणून बांधकाम सुरू करतानाच अभियंत्याची मोजमाप वही, छायाचित्रे आणि बिले यांची एक फाईल प्राचार्यांच्या खोलीत ठेवा, आणि दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संस्थेच्या सचिवाने ती बघून सही करावी.